इन्सास निरोप घेतेय: एका आर्मररचं उत्तर

"काका, इन्सास रायफल सैन्यातून काढतायत म्हणे. ती खरंच भंगार होती का? होती तर पंचवीस वर्षं का वापरली? आणि मी भरती झालो तर माझ्या हातात काय येईल?" हे तुझे तीन प्रश्न. सोबत लिहिलंयस की आजोबा थ्री नॉट थ्रीवाले, वडील एसएलआरवाले, आणि तू सध्या साताऱ्यात सकाळी सोळाशे मीटर पळतोयस. घरात दोन पिढ्यांच्या रायफलींच्या गोष्टी ऐकलेला मुलगा आहेस, म्हणून उत्तर जरा लांबवून देतो.

मी पायदळाच्या पलटणींमध्ये आर्मरर होतो. जवान रायफल चालवतो, आर्मरर ती खोलतो, मोजतो, दुरुस्त करतो. जवानाला एकच रायफल माहीत असते, त्याची स्वतःची. आर्मररच्या टेबलावर शेकडो येतात, आणि त्याही बहुतेक तक्रार घेऊनच. त्यामुळे माझ्या मतात आजारी रायफलींचं वजन जास्त आहे, हे ध्यानात ठेवून वाच.

इन्सास भंगार नव्हती. तिची बॅरल चांगली होती, नेम चांगला लागायचा, धक्का कमी बसायचा. एसएलआरने खांदा काळानिळा करून घेतलेले जुने हवालदार पहिल्यांदा इन्सासचा ग्रुप (निशाण्यावर जवळजवळ बसलेली छिद्रं) बघून खूश झालेले मी पाहिलेत. पण रायफलीने उन्हात, बर्फात, चिखलात, दर वेळी सारखंच वागावं ही जवानाची पहिली मागणी असते. तिथे ती कमी पडली. बाकी सगळी कथा या एका वाक्यातून फुटते.

ती आली कुठून ते आधी बघ. १९६२ साली नेफात (आजच्या अरुणाचलात) आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊन लढले. प्रत्येक गोळीला बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. समोर चिन्यांकडे आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या. त्यानंतर बंगालमधल्या ईशापूर कारखान्याची ७.६२ ची (गोळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये) एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, आली आणि १९७१ चं युद्ध आपण तिच्यावर लढलो. दणकट हत्यार, पण लांब, जड, आणि गोळीही जड. ऐंशीच्या दशकात जगातल्या बऱ्याच सैन्यांनी ५.५६ ची छोटी गोळी घेतली होती, आपणही तिकडे वळलो. पुण्यात पाषाणला एआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा आहे, तिथे या रायफलीचं डिझाइन झालं. म्हणजे आपल्या साताऱ्यापासून शे-सव्वाशे किलोमीटरवर. इन्सास हे नाव इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम याचं लघुरूप. रायफल, एलएमजी (हलकी मशीनगन) आणि कार्बाइन (आखूड रायफल) अशी तिन्ही भावंडं एकाच घरात वाढवायचा बेत होता. कार्बाइनचं काही जमलं नाही, रायफल आणि एलएमजी उरल्या.

ती खोलून टेबलावर मांडली की कुठून काय घेतलंय ते दिसायचं. फिरणारा बोल्ट आणि लांब पिस्टन एके-४७ च्या वळणाचा, गॅस रेग्युलेटर (गोळीच्या ज्या गॅसवर रायफल पुढचा राउंड भरते, त्याचा नळ) एसएलआरसारखा, कॉकिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) डावीकडे पुढे. लोक याला खिचडी म्हणून हिणवतात, ते मला पटत नाही. जगातली प्रत्येक रायफल आधीच्या रायफलींकडून शिकते. आणि गॅस रेग्युलेटर ठेवण्यामागे कारण होतं: थंडीत किंवा मळलेल्या रायफलीला जास्त गॅस देता यावा, आणि रायफल ग्रेनेड सोडताना गॅस पूर्ण बंद करता यावा. फक्त ग्रेनेडनंतर तो परत उघडायचा असतो. माझ्याकडे "एकच राउंड फायर होतो, पुढचा भरत नाही" म्हणून आलेल्या रायफलींत गॅस बंदच राहिलेल्या काही असायच्या. दुरुस्ती एका मिनिटाची, पण सीमेवर ते एक मिनिट कुठून आणायचं?

१९९० मध्ये रायफल मंजूर झाली आणि सैनिकांच्या हातात सर्रास आली नव्वदच्या दशकाच्या शेवटी. मधली वर्षं गेली गोळ्यांच्या वाटेकडे डोळे लावून. रायफल तयार, पण देशात ५.५६ चा पुरेसा दारूगोळा बनत नव्हता, इस्रायलमधून आणावा लागला. पुढे आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात ही गोळी मोठ्या प्रमाणावर बनू लागली. दरम्यान काश्मीर पेटलेलं. अतिरेक्यांकडे एके, आपल्याकडे लांबलचक एसएलआर. म्हणून १९९० ते ९२ मध्ये परदेशातून सुमारे एक लाख एके जातीच्या रायफली घेतल्या. इन्सासचं नशीब इथेच थोडं फिरलं असं मला वाटतं. ती पलटणीत पोचली तेव्हा जवानाच्या हातात आधीच एके येऊन गेली होती, आणि पुढची सगळी वर्षं तिची तुलना कागदावरच्या अपेक्षेशी झाली नाही, शेजारच्या खाटेवरच्या एकेशी झाली.

१९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती देशाला दिसली आणि पुढच्याच वर्षी थेट कारगिल. नवीन रायफलीला पहिलंच युद्ध मिळालं ते पंधरा-सोळा हजार फुटांवर. तिथून तक्रारी आल्या त्या तीन: मॅगझिन (गोळ्यांचा डबा) थंडीत तडकतं, रायफल अडकते, आणि एका दाबात तीन राउंडच्या बर्स्टवर लावली तरी कधी कधी पुढेही फायर करत राहते. त्या वेळी मी वर नव्हतो, पण पुढे दोन हिवाळे उंचावरच्या पोस्टवर काढले, तेव्हा या तिन्ही गोष्टी हातात घेऊन बघितल्या.

मॅगझिन हा इन्सासचा सगळ्यात कच्चा दुवा. वीस राउंडचं, प्लॅस्टिकचं, आरपार दिसणारं. आत किती राउंड उरले ते न उघडता कळावं ही कल्पना छान आहे, आणि गरम रेंजवर ती छान चालायचीही. पण कडक थंडीत तसलं प्लॅस्टिक काचेसारखं वागतं. हातमोजे घातलेला जवान खडकाळ चढणीवर घसरला, मॅगझिन दगडावर आपटलं, की तोंडाशी केसाएवढी भेग. ती भेग डोळ्याला दिसत नाही. मात्र मॅगझिनच्या ओठांमध्ये राउंडचा कोन जरासा बदलतो, आणि पुढचा राउंड चेंबरच्या तोंडाऐवजी कडेला जाऊन आदळतो. जवान म्हणतो रायफल जाम झाली. रायफल धडधाकट असते, मॅगझिन गेलेलं असतं. मी पोस्टवर एक सवय लावून घेतली होती: संध्याकाळी सगळी मॅगझिनं रिकामी करून बाहेर थंडीत ठेवायची, सकाळी एकेक कानाशी धरून हलकं दाबायचं. चिरलेलं मॅगझिन करकरतं. पहिल्या खेपेला बाजूला काढलेल्या मॅगझिनांचा ढीग बघून कंपनी कमांडर साहेब बराच वेळ काही बोलले नव्हते.

दुसरी गोष्ट तेलाची. इन्सास चालवताना तेलाचे तुषार डोळ्यावर उडतात ही तक्रार वर्तमानपत्रांतूनही आली होती. ती खरी आहे. गॅस रिसीव्हरमध्ये येतो आणि आत जास्तीचं तेल असेल तर ते बाहेर फेकलं जातं, थेट गालाकडे आणि डोळ्याकडे. पण तेल जास्त का असायचं, तेही सांगतो. रायफल अडकेल या भीतीने जवान ती तेलात बुडवून ठेवायचा. उणे तापमानात तेल घट्ट होतं, त्यात बारूदीची काजळी बसते, आणि ब्रीच ब्लॉक (बोल्ट) चिखलातून चालल्यासारखा हळू होतो. म्हणजे भीतीने घातलेलं तेलच अडकवायचं. एका पोराला मी चिंदीने रायफल कोरडी पुसायला लावली तेव्हा त्याला वाटलं मी त्याचं हत्यार मारतोय. पुसून घेतली, फक्त घासणाऱ्या जागी बोट फिरवल्याएवढं पातळ तेल ठेवलं, आणि पूर्ण मॅगझिन फायर करून दाखवलं. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. एवढी नाजूक समज प्रत्येक जवानाकडून, प्रत्येक पहाटे, प्रत्येक हवामानात मागणारी रायफल बरी नव्हे, हे मात्र मी आर्मरर असूनही मान्य करतो. एकेचा बोल्ट कॅरियर जड असतो, आतल्या हलत्या भागांमध्ये जागा सैल असते. थोडी घाण ती पचवते. चुकीला माफ करणं हा हत्याराचा मोठा गुण आहे.

बर्स्टचं म्हणशील तर ट्रिगरच्या आत तीन राउंड मोजणारी बारीक यंत्रणा असते. घाबरलेल्या जवानाने पूर्ण मॅगझिन एका दमात रिकामं करू नये म्हणून ती घातली. विचार वाईट नव्हता. पण जितके छोटे भाग, तितकी झीज, तितकी घाण बसायला जागा. मोजणी चुकली की तीनऐवजी चार, पाच. आणि हिशेब बघ: वीस राउंडमध्ये तीन-तीनचे सहा बर्स्ट, उरले दोन. जवळच्या चकमकीत सहा वेळा बोट दाबलं की मॅगझिन बदला. समोरच्याकडे तीस राउंड आणि पूर्ण ऑटोमॅटिक. हे गणित जवानाला कुणी शिकवावं लागत नाही.

२००५ मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात नेपाळी सैन्याचे ४३ जवान मारले गेले आणि नेपाळने आपण दिलेल्या इन्सासकडे बोट दाखवलं. आपल्या बाजूने सांगितलं गेलं की हाताळणी आणि देखभाल नीट नव्हती. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. बराच वेळ सलग फायर केलं की रायफल तापते, आणि तापलेल्या, न पुसलेल्या रायफलीचं वागणं आमच्या टेबलावर रोज दिसायचं. पण शेवटी मेलेल्या ४३ जणांच्या घरच्यांना देखभालीचं परिपत्रक दाखवून काय उपयोग! २०१४ मध्ये सीआरपीएफनेही नक्षली भागासाठी इन्सास नको, एके द्या अशी मागणी केली आणि पुढच्या वर्षी त्यांना त्या मिळायला लागल्या.

तुझा दुसरा प्रश्न: मग पंचवीस वर्षं का वापरली? याचं पहिलं कारण, ती बहुतेक वेळा चालायची. सुधारणाही होत गेल्या, आणि नंतरच्या रायफली आधीच्यांपेक्षा बऱ्या होत्या. आमच्याकडच्या अडचणी मात्र वरपर्यंत पोचून सुधारलेला भाग परत हातात यायला इतके महिने जायचे की तोवर तक्रार करणारा जवान बदलून गेलेला असायचा. माझी खरी खंत हीच आहे. डिझाइन करणारे हुशार होते, वापरणारे शूर होते, पण दोघांमधला रस्ता फार लांब होता. दुसरं कारण, बदली रायफल मिळतच नव्हती. २०११ मध्ये सैन्याने बॅरल बदलून ५.५६ आणि ७.६२ बाय ३९ (दुसरा आकडा काडतुसाच्या नळीची लांबी) अशा दोन्ही गोळ्या चालवेल अशी रायफल मागितली, मोठमोठ्या परदेशी कंपन्या आल्या, आणि २०१५ मध्ये ती निविदाच रद्द झाली. एका रायफलीत दोन रायफली मागणं हीच मुळात चूक होती असं माझं ठाम मत आहे. रात्री अंधारात कोण बॅरल बदलत बसणार? मग २०१७ मध्ये ईशापूरची ७.६२ ची नवी रायफल चाचणीत नापास झाली. म्हणजे सहा वर्षं गेली आणि सैनिक तिथेच.

गोळीबद्दल एक समजूत तू नक्की ऐकली असशील: ५.५६ शत्रूला जखमी करते, मग दोघं त्याला उचलायला लागतात, म्हणजे एका गोळीत तिघं बाद. ऐकायला बरं वाटतं. पण गोळी छोटी करण्यामागचं खरं कारण वजन होतं. ५.५६ चा एक राउंड साधारण १२ ग्रॅम, एसएलआरचा ७.६२ बाय ५१ त्याच्या दुप्पट. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात दुप्पट राउंड, शिवाय धक्का कमी. काश्मीरमध्ये मात्र समोरचा मरायलाच आलेला असतो, त्याला उचलायला कुणी येत नाही. जखमी झाला तरी तो ट्रिगर दाबतोच. म्हणून सैन्य परत मोठ्या गोळीकडे वळलं.

आणि वळलं तेही दोन वाटांनी. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीच्या ७.६२ बाय ५१ च्या सिग ७१६ रायफली घेतल्या, पहिल्या खेपेला ७२,४००, सीमेवरच्या आणि अतिरेकीविरोधी कामाच्या तुकड्यांसाठी. मोठ्या संख्येसाठी निवडली एके-२०३. गोळी ७.६२ बाय ३९, मॅगझिन तीस राउंडचं, वजन सुमारे ३.८ किलो, दस्ता घडीचा. अमेठी जिल्ह्यात कोरव्याला रशियाबरोबर भागीदारीत कारखाना काढला आणि डिसेंबर २०२१ मध्ये ६,०१,४२७ रायफलींचा करार झाला. इन्सासची खरी वारस हीच. एलएमजीच्या जागी इस्रायलच्या नेगेव्ह आल्या, त्याही ७.६२ बाय ५१ च्या.

आता इथे आर्मरर म्हणून माझी काळजी ऐक, कारण बातम्यांमध्ये हा भाग येत नाही. सहा लाख रायफली एका रात्रीत येत नाहीत. काही वर्षं एकाच ब्रिगेडमध्ये, कधी एकाच पलटणीत, तीन प्रकारचे राउंड फिरत राहणार. ५.५६, ७.६२ बाय ३९ आणि ७.६२ बाय ५१. त्यातले शेवटचे दोन बोलताना दोन्ही "सात बासष्ट" होतात. घाईत वायरलेसवर "सात बासष्ट पाठवा" म्हटलं आणि चुकीची पेटी चढावर गेली, तर वर पोचलेलं ओझं म्हणजे नुसतं पितळ. म्हणून बोलताना रायफलीचं नावही घ्यायचं: "एकेचे राउंड", "सिगचे राउंड". मी असतो तर पेट्यांवर रंगाच्या पट्ट्या मारून घेतल्या असत्या. शिवाय प्रत्येक रायफलीचे गेज (मापं तपासायची साधनं) वेगळे, स्प्रिंगा वेगळ्या, सुटे भाग वेगळे, आणि त्या भागांवर हात बसलेला आर्मररही वेगळा. रायफल बदलायला एक सही लागते. तिच्यामागचं दुकान उभं करायला वर्षं लागतात.

आणि हाताची आठवण! इन्सासचा चेंज लिव्हर डाव्या बाजूला, अंगठ्याखाली. एस, आर, बी: सेफ, एकेक राउंड, बर्स्ट. एकेचा मोठा लिव्हर उजव्या बाजूला, आणि त्याचा क्रम वेगळा: वर सेफ, मध्ये ऑटोमॅटिक, सगळ्यात खाली एकेक राउंड. इन्सासवर घडलेला जवान एकेक राउंडसाठी एक खटका पुढे जातो आणि एकेवर ते थेट ऑटोमॅटिकवर येतं. जुन्या एके शिकवताना मी रेंजवर हे डोळ्यांनी बघितलंय. चांगला नेमबाज, पहिलंच बोट, आणि चार राउंड आकाशात. पोरगा स्वतःच दचकला. इन्सासचं कॉकिंग हँडल डाव्या हाताने ओढायचं, एकेचं उजवीकडे, आणि ते बोल्टबरोबर पुढेमागे पळतं, त्याच्या वाटेत बोट ठेवायचं नाही.

नेमाचंही तसंच. ५.५६ ची गोळी वेगवान, म्हणून सपाट जाते. ७.६२ बाय ३९ हळू, म्हणून लवकर खाली येते. दोन्ही रायफली ३०० मीटरवर झिरो केल्या, म्हणजे तिथे नेम जुळवला, तर ४०० वर एकेची गोळी इन्सासच्या साधारण दुप्पट खाली पडेल. त्यामुळे पहिले काही महिने जुन्या जवानांचे निकाल रेंजवर घसरतील, आणि कुणीतरी घाईने म्हणेल की नवी रायफल नेमाला कच्ची आहे. तिला शिस्तीचा सराव द्या, मग बोला.

इन्सासचं पुढे काय होईल, हेही तू नाही विचारलंस, पण मी सांगणार आहे. सैन्यातून उतरलेली रायफल बहुतेकदा पोलिसांकडे जाते. थ्री नॉट थ्रीचंच बघ: सैन्याने ती साठच्या दशकात सोडायला सुरुवात केली आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला २०२० च्या २६ जानेवारीला. त्यांच्या हातात तिच्या जागी इन्सास आणि एसएलआर आल्या. २६/११ च्या रात्री आपल्या मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांकडे थ्री नॉट थ्री होत्या आणि समोर एके. तरीही ते उभे राहिले. म्हणून मला मनापासून वाटतं, इन्सास पोलिसांना द्यायची तर खुशाल द्या. मैदानी हवेत, नीट पुसून ठेवली तर ती त्यांना चांगली साथ देईल. पण तिच्याबरोबर नवी मॅगझिनं द्या, सुटे भाग द्या, आणि प्रत्येक शिपायाला वर्षाला पोटभर राउंड फायर करू द्या. जुनं हत्यार आणि न झालेला सराव एकत्र देऊ नका. ज्या रायफली मोजमापात बसत नाहीत, त्या अधिकाऱ्यांच्या मंडळासमोर कापून टाकाव्यात. बॅरल झिजलेली रायफल कुणाच्या तरी मुलाच्या हातात देणं मला कधी मान्य झालं नाही.

पुण्याचा हात मात्र सुटलेला नाही. एआरडीईने भारत फोर्जबरोबर केलेली ५.५६ ची नवी कार्बाइन सैन्याने पसंत केलीय. म्हणजे वरणगावच्या गोळीला अजून काम आहे, आणि इन्सासच्या वेळी पाषाणात जे शिकले, ते वाया गेलेलं नाही.

राहिला तुझा तिसरा प्रश्न. तू भरती होशील तेव्हा ट्रेनिंग सेंटरमध्ये तुझ्या हातात इन्सास येण्याची शक्यता अजूनही चांगली आहे, आणि पलटणीत गेल्यावर एके. दोन्ही शिकायची तयारी ठेव. इन्सास मिळाली तर उस्तादाने सांगण्याआधी तीन गोष्टी बघ: गॅस रेग्युलेटर उघडा आहे का, मॅगझिनच्या तोंडाला भेग आहे का, आणि ब्रीचमध्ये तेल बोटाला लागतं की गळतं. एके मिळाली तर रिकामी असताना डोळे मिटून लिव्हर शंभर वेळा सेफवरून सगळ्यात खाली आण, मधे न थांबता. आणि पहिल्याच दिवशी बट नंबर, म्हणजे दस्त्यावरचा रायफलीचा क्रमांक, पाठ कर. कोतासमोर (हत्यारं ठेवायच्या खोलीसमोर) रांगेत उभा राहिलास की नाव नंतर विचारतात, आधी तोच. वडिलांना त्यांच्या एसएलआरचा विचारून बघ, झोपेतसुद्धा सांगतील.